डाव्या हाताचे दात

ओळंबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चाळीस वर्षं झाडं पाडत आलेला माणूस बोट दाखवून ‘इथे पडेल’ म्हणतो आणि झाड तिथेच पडतं, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही, तेव्हा लोक त्याला दुसरं काय म्हणणार? गवंड्याच्या दोरीचा ओळंबा खोटं बोलत नाही, तसेच हेही. खोटं बोलत नसत आणि खरं बोलतानाही शब्द जपून खर्च करत. घरात ते नुसते बाबा होते, आणि बाबांच्या तीन वस्तूंना कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे: दाढीचा आरसा, शेडमधली खुर्ची आणि करवतीची साखळी. आरसा मुलाने लहानपणी एकदा फोडला होता, त्याला माफी मिळाली. खुर्चीवर मांजर झोपायचं, त्याकडे काणाडोळा व्हायचा. साखळीच्या बाबतीत मात्र तडजोड नाही म्हणजे नाही.

साखळी म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची, लांब लोखंडी पट्टीभोवती गरगर फिरणारी. तिला दात छत्तीस. अठरा एका बाजूला कलणारे, अठरा दुसऱ्या, एकाआड एक. रोज काम करून आलं की बाबा तासभर शेडमध्ये बसून गोल कानशीने एकेक दात घासत, आणि तो तास घरातल्या कुणी त्यांना हाक मारायची नाही, असा अलिखित नियम होता. एकदा दारात पोस्टमन पार्सल घेऊन उभा राहिला, त्यालाही बाबांच्या पत्नीने, म्हणजे आईंनी, चहा देऊन तासभर बसवून ठेवलं होतं.

सून या घरात आली तिला सहा वर्षं झाली होती. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. सकाळी आठला जायची आणि एकला परत यायची. नवरा दूरच्या शहरात नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी. लग्न ठरायच्या वेळी, पहिल्या भेटीत सगळे शिक्षण, पगार, स्वभाव वगैरे बोलत होते आणि बाबा कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. कुणीतरी विचारलं, लॅबमध्ये नेमकं काय करतेस? ती म्हणाली, दिवसभर दातांना कानस मारते. तेव्हा बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. घरी गेल्यावर ते आईंना म्हणाले होते, पोरगी आपल्यातलीच आहे. बाकीच्या चौकशा मग कुणी केल्याच नाहीत.

तर सांगायची गोष्ट साखळीची. बाबांची घासायची तऱ्हा जगावेगळी होती. बाकीचे लोक करवत व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, पकडतात, एका बाजूचे अठरा दात घासतात, मग करवत सोडवून उलटी फिरवतात, पुन्हा आवळतात आणि दुसऱ्या बाजूचे घासतात. कानस शेवटी पुढेच ढकलायची असते, मागे ओढली की धार जाते, म्हणून हा खटाटोप. बाबांना तो मान्य नव्हता. त्यांच्या उस्तादाने त्यांना दोन्ही हातांनी घासायला शिकवलं होतं. करवत जागची हलवायची नाही. एका बाजूचे दात उजव्या हाताने, दुसऱ्या बाजूचे डाव्या हाताने, दर दाताला कानशीचे तीन हात, ना कमी ना जास्त. शेडमध्ये त्या दातांची नावंही तशीच होती, उजव्या हाताचे दात आणि डाव्या हाताचे दात. करवत फिरवून घासणाऱ्या माणसाबद्दल बाबा म्हणत, देवाने दोन हात दिलेत, एक काय खिशात ठेवायला दिलाय?

पण गेले काही महिने काहीतरी बिनसलं होतं. ओंडक्याचे गोल तुकडे पाडले की ते एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघत. करवत सरळ उतरायचं सोडून डावीकडे सरकायची. परसात सरपणाच्या राशीवर असे तिरपे तुकडे दिसायला लागले. आईंना चुलीशी मतलब, त्यांनी कधी तक्रार केली नाही. बाबांनी मात्र आधी लाकडाला दोष दिला. मग पट्टीला. पट्टी घासून एका अंगाने झिजली असेल म्हणून ती काढून उलटी बसवली, खाचेत साठलेला भुसा खरवडून काढला, तेलाचं भोक तारेने साफ केलं. तरी करवत डावीकडेच. शेवटी दोष साखळीवर आला आणि नवी साखळी आणली गेली. नवी साखळी पहिल्या दिवशी बाणासारखी सरळ चालली. संध्याकाळी बाबांनी ती घासली, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

दोन महिन्यांत शेडच्या भिंतीवर खिळ्याला तीन साखळ्या लटकल्या, तिन्हींच्या दातांत अजून निम्मा जीव शिल्लक. आईंनी एकदा त्या मोजल्या आणि म्हणाल्या, माणसं पायमोजे बदलतात तशा साखळ्या बदलायला लागलेत.

चौथी साखळी बसवताना सून तिथे होती. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने ती शेडच्या दाराशी उभी राहिली. नवी साखळी रात्रभर तेलाच्या डब्यात मुरवून ठेवलेली होती. बाबांनी बाजूचे दोन नट सोडवले, झाकण काढलं, ताण देणारा स्क्रू मागे फिरवला आणि जुनी साखळी उचलून घेतली. नवी साखळी आधी दातेरी चाकावर, मग पट्टीच्या खाचेत. वरच्या अंगाला दातांची धार पुढे, आपल्यापासून लांब तोंड करून. हे ते बोट फिरवून पाहत, चाळीस वर्षांनीही पाहत. उलटी साखळी लावून ‘मशीन कापत नाही’ म्हणत येणारे महाभाग त्यांनी कितीतरी पाहिले होते, आणि आपण त्या यादीत जायचं नाही हा त्यांचा निश्चय होता. मग पट्टीचं टोक वर उचलून धरायचं, स्क्रू फिरवत ताण द्यायचा, साखळी बोटाने ओढून सोडली की चटकन जागेवर बसली पाहिजे, खाली लोंबता कामा नये. इथवर सगळं झोकात झालं. मग त्यांनी नट डाव्या हाताच्या चिमटीत घेतला.

नट खाली पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उजव्या हातात घेतला आणि लावून टाकला, आणि मान न वळवता म्हणाले, तेलाने निसटतंय. सुनेने चादर दोरीवर टाकली, तिची टोकं जुळवली, आणि तिला एकदम आठवलं की बाबा आजकाल चहाचा कप उजव्या हातात धरतात. आयुष्यभर डाव्या हातात कप आणि उजव्या हातात पेपर धरणारा माणूस आता आधी चहा संपवतो आणि मग पेपर उघडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, बाबा जेवून आडवे झाल्यावर, ती लॅबमधला भिंगाचा चष्मा घेऊन शेडमध्ये गेली. भिंतीवरची एक साखळी काढून खिडकीच्या उजेडात धरली. धार दिसत नसते, हे तिला कामातून माहीत होतं. खऱ्या धारेवर उजेडाला थांबायला जागाच नसते. बोथट धारेवर मात्र तो थांबतो आणि बारीक पांढरी रेघ चमकते. उजव्या हाताचे अठरा दात तिने पाहिले. एकावरही रेघ नव्हती, असं काम तिला स्वतःला जमलं असतं का, याची तिला शंका आली. मग डाव्या हाताचे पाहिले. अठराच्या अठरा चमकत होते. कानस त्यांच्यावरून फिरली होती, पण जोर नव्हता, नुसता हात फिरवल्यासारखी. धार एकाच बाजूला, मग करवत धारेकडे ओढली जाणारच. दोष लाकडाचा नव्हता, पट्टीचा नव्हता, चार साखळ्यांपैकी एकीचाही नव्हता.

तिने साखळी खिळ्याला परत लावली. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते, आणि या घरात येऊन तिला जे मिळालं होतं त्याला ती मनातल्या मनात लेकपणाचा दुसरा डाव म्हणायची. बाबा तिच्याशी दिवसाला दहा वाक्यंही बोलत नसत, पण ती यायच्या वेळेला फाटकाची कडी काढून ठेवलेली असे.

तिने आईंना सांगितलं. आई भाजी निवडत होत्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. शर्टाची बटणं लावायला आता सकाळी दुप्पट वेळ लागतो, त्या म्हणाल्या, आणि मी मदतीला गेले की त्यांना नेमकं काहीतरी शोधायचं असतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, हात झोपलाय, उठेल. चाळीस वर्षं त्या मशीनचा थरथराट हातात घेतलाय, उठायचा कुठला! सुनेने विचारलं, त्यांना सरळ सांगायचं का? आईंनी भाजीचं एक पान उलटंसुलटं करून पाहिलं. पाच वर्षांपूर्वीच्या तापाची आठवण करून दिली. तेव्हा तीन आठवडे काम बंद होतं आणि बाबा खुर्चीत असे बसून असायचे की मांजरानेसुद्धा ती खुर्ची सोडली होती.

“सांगितलंस तर ते मशीन ठेवतील,” आई म्हणाल्या. “आणि मशीन ठेवलं की स्वतःलाही तिथेच खिळ्याला लावून टाकतील. तू बघ बाई, तुला काय सुचतं ते.”

सुनेला जे सुचलं ते तिने केलं. रोज दुपारी दोनला बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं असे. ती शेडमध्ये जायची, व्हाइसच्या दुसऱ्या बाजूला रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायची आणि डाव्या हाताचे अठरा दात घासायची. तीन-तीन हात, बाबांसारखेच. दाताच्या माथ्यावर खुणेची तिरपी रेघ असते तिच्या कलाने कानस धरायची. घासून झालं की लॅबमधल्या सवयीने जुन्या टूथब्रशने दातांवरचा लोखंडाचा कीस झाडायची, भिंग लावून पाहायची, आणि तीनच्या आत स्वयंपाकघरात. बाबा संध्याकाळी त्यांच्या पद्धतीने घासायचे ते घासायचेच, त्यांच्या डाव्या हाताने काही बिघडत नव्हतं, कारण काही होतच नव्हतं.

तिसऱ्याच दिवशी करवत सरळ चालायला लागली. भुसाही बदलला. मधे पिठासारखा पडत होता, तो आता चांगला जाडजूड, ढलप्यांसारखा पडू लागला. बाबांनी ओंडक्याचा तुकडा हातात घेऊन डोळ्यांसमोर धरला, फिरवला आणि खाली ठेवला. रात्री जेवताना म्हणाले, नवी कानस चांगली निघाली. आईंनी सुनेकडे पाहिलं नाही, सुनेने आईंकडे पाहिलं नाही, आणि दोघींनी कानशीचं कौतुक केलं.

एक महिना असा गेला. बाबा खुशीत होते. शेडमधून शीळ ऐकू यायची. परसातली तिरप्या तुकड्यांची रास जळून संपली आणि तिच्या जागी चाकांसारखे गोल, सपाट तुकडे रचले गेले. सुनेला वाटलं, आपण घासले ते काही नुसते दात नव्हते. स्वतःवर ती जरा जास्तच खूश झाली, आणि माणूस स्वतःवर खूश झाला की काय होतं ते सांगायला नको.

बेकरीवाला आला तो त्या बुधवारी. त्याच्या बेकरीच्या मागे एक प्रचंड वाळलेलं झाड होतं, भट्टीचं धुराडं एका अंगाला, शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या घराची भिंत दुसऱ्या अंगाला, आणि मधे हातगाडी जाईल एवढा बोळ. पडलं तर बोळातच पडायला हवं. वर्षभरापूर्वी बेकरीवाल्याने विचारलं होतं आणि बाबांनी बघू म्हणून टाळलं होतं. त्यांनी टाळलेलं ते पहिलंच झाड. या बुधवारी ते म्हणाले, रविवारी सकाळी सातला येतो.

सुनेने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. करवत चालवताना मागची मूठ उजव्या हातात असते, तिथे पेट्रोलचा खटका. पुढची मूठ डाव्या हातात. पट्टीचं टोक कुठे चुकून अडलं की मशीन चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतं, आणि त्या वेळी त्याला आवरतो तो पुढच्या मुठीवरचा अंगठा. एक नटही ज्याला धरता येत नाही, तो अंगठा. गेले काही महिने बाबा परसात ओंडके कापत होते, फार तर कुणाच्या कुंपणाच्या फांद्या. साखळी वाकडी चालायची तेव्हा त्यांचं मन त्यांना थांबवत होतं. ते थांबवणारं वाकडेपणच तिने रोज दुपारी दोनला घासून साफ करून टाकलं होतं.

गुरुवारी तिने ठरवलं की आज सांगायचं. बाबा शीळ घालत होते, तिला धीर झाला नाही. शुक्रवारी आईंना म्हणाली, तुम्ही सांगा. आई म्हणाल्या, चाळीस वर्षांत माझं ऐकलं असतं तर आज आपण किराणा दुकान चालवत असतो. शनिवारी दुपारी दोनला ती शेडकडे गेलीच नाही. खोलीत पडून राहिली आणि छताकडे पाहत बसली. तिचा विचार असा: आज डाव्या हाताचे दात घासायचेच नाहीत. संध्याकाळी बाबा नेहमीप्रमाणे ओंडक्यावर चाचणी घेतील, करवत डावीकडे सरकेल, ते ओळखतील, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. स्वतःच्या तोंडचे शब्द तिने साखळीच्या तोंडी घातले होते.

संध्याकाळी करवत सुरू झाल्याचा आवाज आला. ती हात पुसत परसात गेली, आईही मागोमाग आल्या. बाबांनी ओंडक्यावर पट्टी टेकवली. भुशाची धार उडाली, जाडजूड. तुकडा सुटून पडला आणि घरंगळत सुनेच्या पायाशी आला. तिने उचलून पाहिला. इकडून तिकडून सारखा. सपाट, जणू रंधा मारलेला.

तिला काही उमजेना. मग उमजलं एवढंच, की आता मध्ये साखळी नाही, बोलायचं तर आपल्यालाच बोलायचं आहे. बाबांनी मशीन बंद केलं होतं.

“बाबा, उद्या तुम्ही मशीन धरू नका,” ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. भिंग, पांढऱ्या रेघा, पालथा डबा, महिनाभराच्या दुपारी. चोरून केलं हे चुकलं, असंही म्हणाली. 

“साखळीचं माझ्याने होत होतं, म्हणून मी केलं. पण मशीनची पुढची मूठ डाव्या हातात असते, बाबा. ती मला तुमच्यासाठी धरता येणार नाही. आणि तुम्हाला काही झालं तर मला ते सोसणार नाही.”

बाबांनी करवत खाली ठेवली, पट्टीवर उरलेला भुसा फुंकरीने उडवला.

“आज का नाही घासलेस?” त्यांनी विचारलं.

तिला प्रश्नच समजला नाही. मग समजला, आणि तिचे कान गरम झाले. ती म्हणाली, तुम्हाला कळावं म्हणून.

“मला कळावं म्हणून उद्याच्या झाडाला बोथट साखळी?” त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. “धार असली की साखळी कापते. बोथट असली की माणूस जोर लावतो आणि ती उसळते. महिनाभर केलंस त्याबद्दल मी रागावलेलो नाही. आजच्याबद्दल रागावलोय.”

ती मान खाली घालून उभी राहिली. बरोबर होतं ते. सांगायला भ्यायली म्हणून तिने त्यांच्या हातात तीच गोष्ट दिली असती जिची तिला भीती होती.

मग बाबांनी, त्यांच्या मानाने भाषणच म्हणावं, इतकं सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं. ते कीस फुंकरीने उडवतात, आणि फुंकरीने कीस कधी पुरता जात नाही. त्या संध्याकाळी डाव्या हाताचे दात कवळीसारखे स्वच्छ होते. या घरात दात ब्रशने झाडणारं दुसरं कोण आहे? आधी त्यांना राग आला. मग त्यांनी दात बोटाने चाचपून पाहिले आणि राग गेला. आणि आज साखळीवर कीस तसाच दिसला, म्हणजे तिने हात लावलेला नाही, तेव्हा त्यांनी करवत व्हाइसमधून सोडवली, उलटी फिरवून बसवली आणि डाव्या हाताचे दात उजव्या हाताने घासले. सगळे लोक घासतात तसे. हे शेवटचं वाक्य ते भिंतीकडे बघून म्हणाले.

“मला दोघांचंही ठाऊक होतं,” आई म्हणाल्या. “पण मला कुणी विचारलं नाही.”

बाबांनी डावा हात समोर धरला, अंगठा बोटांना लावून पाहिला. तो लागला, पण उशिरा लागला. ते घरात गेले. टेलिफोनचा आकडा दाबल्याचा आवाज आला आणि मग जे ऐकू आलं त्याने आईंनी तोंडावर पदरासारखा टॉवेल धरला. बाबांनी गिरणीला फोन लावला होता. गिरणी म्हणजे त्यांचा जुना साथीदार, दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेला. सात वर्षांपूर्वी त्याने साखळी घासायला विजेचं यंत्र आणलं, बाबा म्हणाले दळण दळतोस की धार लावतोस, आणि त्या एका वाक्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं, नाव तेवढं त्याला चिकटलं.

“उद्या सातला बेकरीच्या मागे ये,” बाबा फोनवर सांगत होते. “मशीन माझं, हात तुझा. झाड कुठे पडायचं ते मी सांगेन.” थोडं थांबून म्हणाले, “साखळीची काळजी करू नकोस. ती घासलेली आहे. आमच्याकडे माणूस आहे.”

सून भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू आलं, तिने ते अडवलं नाही.

रविवारी सकाळी गिरणी सातच्या आधीच हजर होता. चाळिशीचा, अंगाने भरलेला, आणि बाबांसमोर अजून शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा. दोघांनी एकमेकांची चौकशी वगैरे काही केली नाही. बाबांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, वर पाहिलं, मग खिशातून दोरीला बांधलेला खराखुरा ओळंबा काढला आणि हात लांब करून धरला. उजवा हात. झाड कुठे किती कललंय ते पाहून त्यांनी बोळात चुन्याची एक रेघ ओढली. शिक्षिकाबाई खिडकीतून विचारत होत्या की कुंड्या आत घेऊ का. बाबा म्हणाले, राहू द्या. बेकरीवाल्याने मात्र स्वतःच्या जबाबदारीवर पावाचे ट्रे आत घेतले.

गिरणीने बोळाच्या बाजूने खाच घेतली, मग मागून काप घालायला लागला. सून आईंबरोबर झाडाच्या मागे एका अंगाला, लांब उभी होती. तिची नजर झाडावर नव्हती, कापावर होती. थोडा जरी डावीकडे सरकला तर खाच आणि काप यांच्या मधलं लाकूड एका अंगाला लवकर संपेल आणि झाड भिंतीकडे वळेल. भुसा पडत होता, जाडजूड, फिकट पिवळा. काप सरळ चालला होता. बाबांनी हात वर केला, गिरणी थांबला, मागे सरला. कापात बसवलेल्या पाचरीवर दोन घाव बसले. झाड आधी जागचं हललंच नाही, मग सावकाश निघालं, आणि बोळात आडवं झालं. चुन्याची रेघ बुंध्याखाली दिसेनाशी झाली होती. शिक्षिकाबाईंच्या खिडकीतल्या कुंडीतलं एक फूल गळलं, ते त्यांच्या मते आधीच गळायला आलं होतं.

गिरणीने मशीन आणून बाबांसमोर ठेवलं. काम झालं की साखळी ढिली करायची असते. तापून लांबलेली साखळी कामात पुन्हा ताणलेली असते, ती तशीच राहू दिली तर गार होताना आवळते आणि पट्टीला, चाकाला जखडून बसते. हे काम बाबांनी चाळीस वर्षांत कुणाला करू दिलं नव्हतं. त्यांनी खिशातून पाना काढला. सवयीने तो डाव्या हातात गेला. त्यांनी पान्याकडे पाहिलं, गिरणी समोर होता, बेकरीवाला होता, खिडकीत बाई होत्या.

“सूनबाई,” त्यांनी हाक मारली. “जरा ढिली कर.”

ती पुढे आली, गुडघ्यावर बसली, दोन्ही नट सैल केले, स्क्रू मागे फिरवला. साखळीला हात लावला तेव्हा ती अजून तापलेली होती. बाबा वरून पाहत होते. पुरे, म्हणाले, तेव्हा ती थांबली.

घरी परतताना आई आणि गिरणी पुढे बोलत चालले होते, सात वर्षांचं साठलेलं. बाबा आणि सून मागे. करवत तिच्या हातात होती, जड होती, पण ती तसं म्हणाली नाही. कोपऱ्यावर वळताना बाबा म्हणाले, मंगळवारी एका दाताला तू चार हात मारलेस.

ती थबकली. मारले होते. लॅबमधून फोन आला होता आणि मोजणी चुकली होती. सतरावा दात. पण ते त्यांना कसं कळलं? एका हाताचा फरक भिंगातूनही दिसत नाही.

“झोप कुठे लागते मला दुपारची,” बाबा म्हणाले. “पडून ऐकत असतो. महिनाभर मोजतोय, अठरा त्रिक चौपन्न. तुझा हात बरा आहे. पण उद्यापासून मी दोनला पडणार नाही. उगाच डोळे मिटून कंटाळा येतो.”

सोमवारी ती दोनला शेडमध्ये गेली. करवत व्हाइसमध्ये पकडलेली होती. पालथा डबा दिसत नव्हता. व्हाइसच्या उजव्या अंगाला बाबांची खुर्ची होती, तिच्यावर मांजर होतं. डाव्या अंगाला एक जुनं स्टूल, पाय नुकतेच सारखे केलेले, आणि त्यावर बाबा बसले होते.

त्यांनी मांजराला उठवलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.